एका फीचे दोन हिशेब: टेक्सासमधलं एमएस, पुण्यातलं कर्ज आणि चुकून आलेले 1,000 डॉलर

मुलगी 22 वर्षांची, पुण्यातून बी.ई. झालेली. 10 ऑगस्ट 2024 ला भारतातून निघाली आणि 11 तारखेला एफ-1 व्हिसावर टेक्सासमध्ये उतरली. एका सरकारी विद्यापीठात तिने एमएसला प्रवेश घेतला होता. वडील पुण्यात नोकरीला, वार्षिक पगार 18 लाख. धाकटा मुलगा पुण्यातच इंजिनीअरिंगला. मुलीच्या शिक्षणासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचं 40 लाखांचं कर्ज मंजूर झालं, व्याजदर 10.5 टक्के. मुख्य कर्जदार मुलगी, सहकर्जदार वडील.

हे प्रकरण नमुन्याचं आहे. कुटुंबाचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत. नियम, मर्यादा आणि दर मात्र त्या त्या वर्षाचेच आहेत.

एप्रिल 2025 मध्ये मुलीने अमेरिकेतलं 2024 चं रिटर्न भरलं आणि 1,360 डॉलरचा परतावा खात्यात आला. ऑगस्टमध्ये वडील स्वतःचं भारतातलं रिटर्न भरायला बसले तेव्हा त्यांच्याकडे दोन प्रश्न होते. तिकडे फीवर काहीतरी परत मिळालं, मग इकडे फीची वजावट का मिळू नये? आणि बँकेने परदेशी पैसे पाठवताना कापलेला टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, गेला कुठे? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना तिसरी गोष्ट उघडी पडली. तिकडे जे परत मिळालं होतं, त्यातले 1,000 डॉलर मुळात तिचे नव्हतेच.

1,360 डॉलर आले कसे

पहिल्या सत्राची फी 5,900 डॉलर. विद्यापीठाने तिला 1,000 डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती दिली होती. टेक्सासमध्ये या रकमेला वेगळंच महत्त्व आहे: सरकारी विद्यापीठाची किमान 1,000 डॉलरची अशी शिष्यवृत्ती मिळाली, की परराज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्यालाही राज्यातल्या रहिवाशाची फी लागू होऊ शकते. तिकडे जाणाऱ्या मराठी मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचा सल्लाही बहुधा त्याच गटात मिळतो: "1098-टी आला की फॉर्म 8863 भर, हजार डॉलर मिळतात." 1098-टी म्हणजे फी आणि शिष्यवृत्तीची माहिती देणारा विद्यापीठाचा फॉर्म, 8863 म्हणजे शिक्षणाची करसवलत मागायचा.

कॅम्पसवर तिने ताशी 12 डॉलरने, आठवड्याला 20 तास, 15 आठवडे काम केलं. मिळाले 3,600 डॉलर, त्यातून 360 डॉलर कर कापला गेला. 2024 ची एकट्या व्यक्तीची प्रमाणित वजावट 14,600 डॉलर होती, त्यामुळे कर शून्य आणि कापलेले 360 परत. इथवर बरोबर.

पुढे तिने अमेरिकी रहिवाशांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म 1040, म्हणजे रहिवाशांचं रिटर्न, भरला आणि 1098-टी मधले आकडे टाकले: पहिल्या चौकटीत 5,900, पाचव्या चौकटीत शिष्यवृत्तीचे 1,000. सॉफ्टवेअरने अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट, म्हणजे शिक्षणखर्चावरची करसवलत, लावलं. या क्रेडिटचं गणित असं: पात्र खर्चाच्या पहिल्या 2,000 डॉलरवर 100 टक्के आणि पुढच्या 2,000 वर 25 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 2,500. त्यातले 40 टक्के, म्हणजे 1,000 डॉलर, कर शून्य असला तरी रोख परत मिळतात. शिष्यवृत्ती वजा करूनही तिची फी 4,900 डॉलर होती, म्हणजे 4,000 च्या वरच. 360 अधिक 1,000, झाले 1,360.

गणितात एकही चूक नाही. चूक फॉर्मच्या नावात आहे.

तीन कुलुपं, आणि तिन्ही बंद

पहिलं कुलूप रहिवासाचं. वर्षातला काही काळ जरी कोणी करापुरतं अनिवासी असेल, तरी त्याला शिक्षणाची क्रेडिट मिळत नाहीत. अपवाद एकच: अमेरिकी नागरिक किंवा करनिवासी जोडीदाराबरोबर संयुक्त रिटर्न भरून स्वतःला निवासी मानून घेण्याचा पर्याय. ही मुलगी अविवाहित. अनिवासी आहे की नाही ते दिवस मोजून ठरतं. चालू वर्षाचे सगळे दिवस, आदल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश, अशी बेरीज 183 व्हावी लागते. 11 ऑगस्ट ते 31 डिसेंबर होतात 143 दिवस. शिवाय एफ-1 विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस मोजलेच जात नाहीत. वर्षातला एक दिवस तिथे काढला तरी ते अख्खं वर्ष त्या पाचात धरलं जातं. तिची पाच वर्षं 2024 ते 2028. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, नोकरी लागली तरी व्हिसाची स्थिती एफ-1 चीच राहते, म्हणून "आता पगार मिळतो, आता मी निवासी" हा तर्क चालत नाही. तिचा फॉर्म 1040-एनआर, म्हणजे अनिवासींचं रिटर्न; सोबत फॉर्म 8843, म्हणजे हे दिवस मोजायचे नाहीत असं सांगणारं निवेदन.

दुसरं कुलूप पदवीचं. अपॉर्च्युनिटी क्रेडिट उच्च शिक्षणाच्या पहिल्या चार वर्षांसाठीच आहे. फॉर्म 8863 च्या 25 व्या ओळीत सरळ विचारलेलं असतं, की विद्यार्थ्याने हे कर वर्ष सुरू होण्याआधी उच्च शिक्षणाची पहिली चार वर्षं पूर्ण केली होती का. तिने "नाही" निवडलं, कारण अमेरिकेत हे तिचं पहिलंच सत्र होतं. पण पुण्यातली चार वर्षांची बी.ई. झाली नसती तर विद्यापीठाने एमएसला घेतलंच नसतं. मास्टर्सच्या विद्यार्थ्यासाठी उरतं ते लाइफटाइम लर्निंग क्रेडिट: 10,000 डॉलरपर्यंतच्या खर्चाचे 20 टक्के, दर रिटर्नमागे जास्तीत जास्त 2,000. त्यातला एक डॉलरही रोख परत मिळत नाही, ते फक्त कर कमी करतं. तिचा कर शून्यच होता, त्यामुळे निवासी असती तरी हाती काही लागलं नसतं.

तिसरं कुलूप वयाचं, आणि याची आठवण क्वचितच कोणी ठेवतं. 24 वर्षांखालचा पूर्णवेळ विद्यार्थी, आई किंवा वडील हयात, संयुक्त रिटर्न नाही आणि स्वतःची कमाई एकूण चरितार्थाच्या निम्म्याहून कमी, असं असेल तर रोख मिळणारा 40 टक्क्यांचा भाग घेता येत नाही. त्यासाठी फॉर्मच्या सातव्या ओळीजवळ एक चौकट आहे आणि त्यात खूण करायची असते. ही मुलगी 22 वर्षांची. तिचा खर्च कर्जातून आणि वडिलांच्या बचतीतून चालत होता, कॅम्पसवरच्या 3,600 डॉलरमधून नाही. ती चौकट कोरी राहिली.

मग विद्यापीठाने 1098-टी पाठवलाच का? अनिवासी विद्यार्थ्यांना हा फॉर्म देण्याचं बंधन विद्यापीठावर नसतं, मागितला तर द्यावा लागतो. बरीच विद्यापीठं सरसकट पाठवतात. त्यात किती पैसे आले आणि किती शिष्यवृत्ती दिली एवढीच माहिती असते. पात्रता त्यावरून ठरत नाही.

करारावर बोट ठेवणारा एक युक्तिवादही कानावर येतो. भारत-अमेरिका करारातल्या कलम 21(2) नुसार भारतीय विद्यार्थ्याला निवासी व्यक्तीसारख्या सवलती मिळतात, मग क्रेडिट का नको? या कलमाचा खरा आणि मान्य फायदा म्हणजे प्रमाणित वजावट. इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ती मिळत नाही, भारतीयांना मिळते. म्हणूनच 1040-एनआर भरूनही तिचा कर शून्यच राहतो आणि 360 डॉलर हक्काने परत येतात. क्रेडिटच्या बाबतीत अमेरिकी महसूल खात्याचं मार्गदर्शन अनिवासींना स्पष्ट नकार देतं. आणि करार कितीही ताणला तरी बी.ई. आणि वय ही उरलेली दोन कुलुपं त्याने उघडत नाहीत.

याच्या उलट, न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातली, पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलगी घ्या. आईवडील करनिवासी, मुलगी त्यांच्या रिटर्नवर अवलंबित. सुधारित समायोजित उत्पन्न संयुक्त रिटर्नवर 1,60,000 डॉलरपर्यंत असेल तर आईवडिलांना पूर्ण 2,500 मिळतात. 1,60,000 ते 1,80,000 दरम्यान क्रेडिट उतरत जातं आणि त्यापुढे शून्य. एका विद्यार्थ्यामागे चार कर वर्षं. क्रेडिटसाठी दाखवलेले 4,000 डॉलर 529 खात्यातून (शिक्षणासाठीच्या बचतीचं खातं) करमुक्त काढलेल्या रकमेच्या हिशेबात पुन्हा धरायचे नाहीत. व्हॉट्सॲपवरचा सल्ला खोटा नसतो, तो या घरासाठीचा असतो.

दुरुस्ती

पत्र येण्याची वाट पाहायची नाही, हे पहिलं. महसूल खात्याने हात घालण्याआधी स्वतःहून सुधारित रिटर्न भरलं तर अचूकतेच्या 20 टक्के दंडातून सुटका होऊ शकते. बेफिकिरीने क्रेडिट घेतल्याचं ठरलं तर पुढची दोन वर्षं ते घेता येत नाही, फसवणूक ठरली तर दहा. रिटर्नखाली खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून सही केलेली असते, आणि पुढे ग्रीन कार्डाच्या कामात जुनी रिटर्न मागितली जाऊ शकतात. हजार डॉलरसाठी तो डाग कोण ठेवील?

चुकून 1040 भरला आणि हवा होता 1040-एनआर, अशा वेळी 1040-एक्स, म्हणजे सुधारित रिटर्नचा फॉर्म, नेहमीसारखा भरायचा नसतो. बरेच जण त्याच्या तीन स्तंभांत जुने-नवे आकडे बसवायला जातात आणि तिथेच अडकतात. पद्धत साधी आहे. 1040-एक्सच्या पहिल्या पानावर नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक लिहायचा, बाकी पान कोरं ठेवायचं. स्पष्टीकरणाच्या भागात दोन-तीन वाक्यं: मी एफ-1 व्हिसावरची अनिवासी विद्यार्थिनी आहे, चुकून फॉर्म 1040 भरला, शिक्षण क्रेडिट मागे घेत आहे. मग नवा 1040-एनआर पूर्ण भरायचा, त्याच्या माथ्यावर इंग्रजीत "सुधारित" या अर्थाचा शब्द लिहायचा आणि तो 1040-एक्सच्या मागे जोडायचा. प्रमाणित वजावट करारानुसार घेतल्याची नोंद, डब्ल्यू-2 ची (पगार आणि कापलेल्या कराच्या प्रमाणपत्राची) प्रत आणि फॉर्म 8843 सोबत. हे सगळं कागदावर, 1040-एनआर जातात त्या ऑस्टिनच्या केंद्राकडे, पोचपावतीच्या टपालाने. प्रक्रियेला 8 ते 12 आठवडे लागतात, कधी 16 ही.

नव्या रिटर्नमध्ये परतावा 360 येतो, आधी मिळाले 1,360, म्हणून देणं 1,000. ते महसूल खात्याच्या डायरेक्ट पे सोयीतून, सुधारित रिटर्न आणि 2024 हे वर्ष निवडून, टपाल टाकलं त्याच दिवशी भरलं. व्याज 15 एप्रिल 2025 पासून. 2025 मध्ये दर वर्षाला 7 टक्के होता आणि चक्रवाढ रोजची. सप्टेंबरच्या मध्यावर ते सुमारे 30 डॉलर झालं.

टेक्सासला वैयक्तिक उत्पन्न कर नाही, म्हणून राज्याचं रिटर्न वाचलं. न्यू यॉर्क किंवा कॅलिफोर्नियात असती तर तिथलंही रिटर्न तपासावं लागलं असतं. डब्ल्यू-2 वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे 7.65 टक्के कापलेत का, तेही याच वेळी पाहून घ्यावं. अनिवासी एफ-1 विद्यार्थ्याला ते लागू नाहीत. कापले असतील तर आधी पगार देणाऱ्या कार्यालयाकडे मागायचे, त्यांनी नकार दिला तर महसूल खात्याकडे, फॉर्म 843 आणि 8316 भरून.

पुण्याची बाजू: फीवर शून्य, व्याजावर सगळं

वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं. कलम 80सी मधली ट्यूशन फीची वजावट भारतातल्या शाळा, कॉलेज किंवा विद्यापीठाच्या पूर्णवेळ शिक्षणासाठीच आहे. टेक्सासची फी तिथे बसत नाही.

धाकट्याची फी बसते, पण तिचाही उपयोग वाटतो तेवढा होत नाही. पावती 1,20,000 ची. त्यात ट्यूशन फी 1,00,000, बाकी विकास शुल्क आणि इतर. वजावट फक्त ट्यूशन फीची. वडिलांचा पीएफ आधीच 1,10,000 होता आणि 80सी ची एकूण मर्यादा 1,50,000, म्हणजे लाखातले 40,000 च कामी आले.

खरी वजावट आहे 80ई मध्ये: शैक्षणिक कर्जाचं व्याज, रकमेची मर्यादा नाही, शिक्षण देशात असो की परदेशात. मुद्दल मात्र नाही. कर्ज बँकेचं किंवा अधिसूचित वित्तसंस्थेचं हवं. पतसंस्थेचं, मालकाचं किंवा मामाचं कर्ज चालत नाही. आणि व्याज प्रत्यक्ष भरलेलं हवं, बँकेने खात्यात नुसतं चढवलेलं नव्हे. मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा, आहे म्हणून काहीच न भरणाऱ्या घरांची वजावट त्या वर्षी शून्य असते.

इथे वडील पहिल्यापासून महिन्याचं साधं व्याज भरत होते. 12 लाखांचा पहिला हप्ता ऑगस्ट 2024 च्या सुरुवातीला सुटला, त्याचं मार्चपर्यंत आठ महिन्यांचं व्याज 84,000. 10 लाखांचा दुसरा जानेवारी 2025 च्या सुरुवातीला, त्याचं तीन महिन्यांचं 26,250. एकूण 1,10,250.

अडचण अशी, की वडिलांनी ऑफिसात नवीन करप्रणाली निवडली होती आणि तिच्यात 80ई नाही. कारण त्यांच्याच शब्दांत सोपं होतं: फीची वजावट मिळत नाही, मग जुन्या प्रणालीत राहून काय करायचं? आकडे मात्र वेगळं सांगत होते. आर्थिक वर्ष 2024-25 च्या नव्या प्रणालीत 75,000 प्रमाणित वजावट जाऊन करपात्र 17,25,000, कर सेससह 2,15,800. जुन्या प्रणालीत 50,000 प्रमाणित वजावट, 2,500 व्यवसाय कर, 80सी चे 1,50,000, आरोग्य विम्याचे 25,000, गृहकर्जाच्या व्याजाचे 2,00,000 आणि 80ई चे 1,10,250 वजा जाऊन करपात्र उरलं 12,62,250. कर सेससह 1,98,822. जुनी प्रणाली 16,978 रुपयांनी स्वस्त. 80ई काढून टाकलं तर जुन्या प्रणालीचा कर 2,33,220 होतो आणि नवीनच बरी ठरते. म्हणजे सगळा तोल या एका व्याजावर होता.

पगारदाराला रिटर्न भरतानाही प्रणाली बदलता येते, ऑफिसला काय कळवलं होतं त्याने फरक पडत नाही. अट एकच: रिटर्न मुदतीत हवं. त्या वर्षीची मुदत 31 जुलैवरून वाढत 16 सप्टेंबर 2025 पर्यंत गेली, म्हणून हे जमलं. उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली मिळत नाही. त्या वर्षीपासून रिटर्नमध्ये 80ई चा तपशीलही द्यावा लागतो: बँक, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज, 31 मार्चची बाकी आणि भरलेलं व्याज. बँकेकडून नुसतं "व्याज प्रमाणपत्र" मागितलं तर कधीकधी लागू झालेल्या व्याजाचा आकडा येतो. भरलेल्या व्याजाचा मागावा आणि पासबुकाशी ताडून पाहावा.

पण 2024-25 ला जे बरोबर ठरलं ते 2025-26 ला आपोआप बरोबर ठरत नाही. नव्या प्रणालीचे टप्पे बदलले आणि त्याच पगारावर तिचा कर 1,50,800 वर आला. आधीच्या वर्षी 80ई चं व्याज सुमारे 56,000 च्या वर गेलं की जुनी प्रणाली जिंकत होती. आता ती रेघ सुमारे 2,64,000 वर गेली. या कुटुंबात उरलेले 18 लाखही ऑगस्ट आणि जानेवारीत सुटणार असल्याने वर्षाचं व्याज 3,22,000 होतं, म्हणजे जुनी प्रणाली अजूनही सुमारे 18,000 ने पुढे. व्याज नुसतं साचू दिलं असतं, किंवा गृहकर्ज फिटलं असतं, तर निकाल उलटा. दर वर्षी पुन्हा मांडायचा हा हिशेब आहे. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यावर कलमांचे क्रमांकही बदलतात, त्यामुळे जुन्या फायलीतलं "80ई" नव्या फॉर्मवर शोधत बसू नये.

टीसीएस: पैसे कोणाच्या पॅनवर अडकले

दुसरा प्रश्न टीसीएसचा. 2024-25 मध्ये उदारीकृत प्रेषण योजनेखाली, एलआरएस म्हणतात ती, पाठवलेल्या एकूण 7 लाखांपर्यंत टीसीएस नव्हता. त्यावर बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर 0.5 टक्के आणि स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवल्यास 5 टक्के. सात लाखांची मर्यादा हेतूवार नव्हे, तर पॅनवार एकत्र.

वडिलांनी जानेवारीत कर्जाचे 10 लाख आणि फेब्रुवारीत मुलीच्या राहण्याखाण्यासाठी बचतीतले 5 लाख पाठवले. कर्जाच्या पैशाने सात लाखांची सूट खाऊन टाकली: उरलेल्या 3 लाखांवर 1,500, आणि मग बचतीच्या पूर्ण 5 लाखांवर 25,000. एकूण 26,500. क्रम उलटा असता तर बचतीचे 5 लाख सुटीत बसले असते आणि कर्जाच्या 8 लाखांवर 4,000 च कापले असते. टीसीएस हा खर्च नाही, आगाऊ कर आहे, 26एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या करनोंदीत, दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो. तरी 22,500 रुपये अर्धं वर्ष विनाकारण अडकले. वडिलांच्या रिटर्नमध्ये 16,978 अधिक 26,500, मिळून सुमारे 43,480 चा परतावा निघाला. एप्रिल 2025 पासून सूट 10 लाख झाली आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जावरचा टीसीएसच गेला, त्यामुळे क्रमाची ही गंमत पुढच्या बॅचला तेवढी भोवणार नाही.

पहिल्या हप्त्याचे 12 लाख मात्र निघण्याआधी मुलीच्या सहीने, तिच्या पॅनवर गेले होते. त्यावर कापलेले 2,500 रुपये वडिलांच्या 26एएस मध्ये दिसणारच नव्हते. मूल अज्ञान असतं तर पालकाला ते घेता आले असते. ती सज्ञान आहे. म्हणजे तिचं भारतातलं रिटर्न. अडीच हजारांसाठी कशाला, असं वाटणं साहजिक आहे, पण रिटर्न त्या अडीच हजारांसाठी नव्हतंच.

तिकडे अनिवासी, इकडे निवासी

1 एप्रिल ते 10 ऑगस्ट 2024, म्हणजे 132 दिवस ती भारतात होती. आधीच्या चार वर्षांत 365 हून कितीतरी जास्त. वर्षात 60 आणि आधीच्या चार वर्षांत 365 दिवस भारतात असलेला माणूस निवासी ठरतो. 60 दिवसांची अट 182 वर नेणारी सवलत नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला आहे, शिकायला जाणाऱ्याला नाही. म्हणून 2024-25 साठी ती भारताच्या आयकर कायद्याने निवासी ठरते, त्याच काळात अमेरिकेच्या कायद्याने अनिवासी. यात विसंगती काही नाही, दोन देशांची दिवस मोजायची पट्टी वेगळी आहे. त्यात भर म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, रिझर्व्ह बँकेच्या भूमिकेनुसार, शिकायला गेलेला विद्यार्थी अनिवासी धरला जातो, म्हणून तिचं पुण्यातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपया खातं, करायचं होतं. तेही राहिलं होतं.

निवासी असल्याचा परिणाम असा, की कॅम्पसवरची कमाई भारतात दाखवावी लागते: सप्टेंबर ते डिसेंबरचे 3,600 आणि जानेवारी ते मार्चचे 2,400 डॉलर. स्टेट बँकेच्या टीटी खरेदी (परकीय चलन विकत घेण्याच्या) दराने सुमारे 5 लाख रुपये. नव्या प्रणालीत 75,000 वजा जाऊन जे उरतं त्याचा कर 87ए च्या सवलतीत पूर्ण विरतो, कारण मर्यादा 7 लाखांची होती. कर शून्य. पण तिचं अमेरिकेतलं बँक खातं परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवणं सक्तीचं, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी आयटीआर-2 लागतो, आणि तक्त्यातले आकडे आर्थिक वर्षाचे नव्हे, 31 डिसेंबर 2024 ला संपलेल्या कॅलेंडर वर्षाचे: खात्यातली कमाल शिल्लक, वर्षअखेरची शिल्लक, मिळालेलं व्याज. तिने ते 16 सप्टेंबरच्या आत भरलं. 2,500 रुपये परत आले.

पुढचे हप्ते कोण भरणार

एमएस मे 2026 मध्ये संपतं, मग ओपीटी. तिथे पुन्हा एक वजावट वाट पाहत असते, आणि ती अनिवासीलाही मिळते: विद्यार्थी कर्जाच्या व्याजाची, वर्षाला 2,500 डॉलरपर्यंत. कर्ज भारतीय बँकेचं असलं तरी चालतं, नातेवाइकाचं चालत नाही. कर्जफेडीची कायदेशीर जबाबदारी तिची असावी लागते, आणि ती मुख्य कर्जदार आहे. 2025 च्या मर्यादेनुसार एकट्या व्यक्तीला 85,000 डॉलर उत्पन्नापर्यंत पूर्ण वजावट आणि 1,00,000 ला शून्य. पगार 78,000 असेल तर 22 टक्क्यांच्या टप्प्यात या वजावटीचे सुमारे 550 डॉलर होतात. भारतीय बँक 1098-ई देत नाही, म्हणून व्याजाचं प्रमाणपत्र आणि डॉलरमध्ये बदलल्याचा कागद जपून ठेवायचा.

शिक्षण क्रेडिटचं दार उघडेपर्यंत त्याचा उपयोग बहुधा संपलेला असतो. समजा 1 ऑक्टोबर 2027 ला एच-1बी सुरू झाला, तर त्या वर्षाचे मोजले जाणारे दिवस 92, म्हणून 2027 लाही ती अनिवासी. 2028 ला निवासी होईल आणि नोकरी करता करता एखादा अभ्यासक्रम केला तर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट मागता येईल. पण ते एकट्या व्यक्तीला 80,000 डॉलरला उतरायला लागतं आणि 90,000 ला संपतं. तिच्या क्षेत्रात चार वर्षांनी पगार त्याच्या वर गेलेला असण्याचीच शक्यता जास्त.

वडिलांच्या बाजूने 80ई चं घड्याळ सुरू झालं आहे. व्याज भरायला लागलेलं वर्ष आणि पुढची सात, अशी आठच वर्षं वजावट मिळते. त्यांचं पहिलं वर्ष कर निर्धारण वर्ष 2025-26, शेवटचं 2032-33. मोरॅटोरियममध्ये व्याज भरल्याने घड्याळ लवकर सुरू झालं, ही त्याची किंमत. मुद्दलावर व्याज चढलं नाही, हा फायदा. 10.5 टक्क्यांच्या कर्जावर फायदा मोठा आहे. मुलगी डॉलरच्या पगारातून हप्ते भरायला लागली की वडिलांची 80ई थांबते आणि त्यांच्यासाठी नवीन करप्रणाली पुन्हा स्वस्त होते. तसं झालं तर ऑफिसला त्या वर्षीच्या एप्रिलमध्येच तसं कळवावं, म्हणजे वर्षभर जास्तीचा टीडीएस कापला जात नाही.